कासव जेवतं कुठे?

(बडोद्यात मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बडोदे संस्थानाला स्वतःचा समुद्र होता. नवसारी प्रांताचा किनारा होता, अमरेलीकडे कोडीनार होतं आणि सौराष्ट्राच्या पार पश्चिम टोकाला द्वारका, बेट द्वारका आणि ओखा मिळून झालेलं ओखामंडळ होतं. इथे बसलेल्यांपैकी कुणाचे पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत तिकडे बदलून गेलेही असतील. सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल नावाच्या सागरी जीवशास्त्रज्ञाला या ओखामंडळाच्या किनाऱ्याची पाहणी करायला बोलावलं. मोत्यांच्या शिंपल्या, शंख, मासळी यांतून राज्याला उत्पन्न किती मिळेल, हा सरकारचा हिशोब होता. हॉर्नेलने ते काम तर केलंच, पण तिथल्या उथळ पाण्यातले प्राणी गोळा करून वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे अभ्यासाला पाठवले. त्याच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली निघाला आणि दुसरा १९१६ साली.

आजच्या विषयाची सुरुवात या अहवालाने केली, कारण त्यात नोंदलेले स्पंज, खेकडे, शिंपले, मऊ अंगाचे समुद्री जीव हे बरेचसे कुठल्या ना कुठल्या समुद्री कासवाचं अन्न आहेत. कासवांबद्दल आपण बोलतो ते अंड्यांबद्दल, घरट्यांबद्दल आणि पिल्लांबद्दल. कासव जेवतं कुठे, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते आता सगळ्यात निकडीचा प्रश्न हाच आहे.

आधी खाणाऱ्यांची ओळख करून देते. जगात समुद्री कासवांच्या सात जाती आहेत, त्यांपैकी पाच भारताच्या समुद्रात आढळतात. प्रत्येकीची आवड वेगळी. हिरवं कासव मोठं झालं की जवळजवळ शाकाहारी होतं, समुद्री गवत आणि शेवाळ खातं. हॉक्सबिल प्रवाळांच्या कपारीत चोच घालून स्पंज खातं. अनेक स्पंजांच्या अंगात काचेच्या बारीक सुया असतात, असं अन्न फार थोड्या प्राण्यांना चालतं. लॉगरहेडचा जबडा इतका दणकट असतो की शंख आणि खेकड्यांची कवचं तो सहज फोडतो. लेदरबॅक हे सगळ्यात मोठं कासव. ते जेलीफिशवर जगतं. त्याच्या अन्ननलिकेत आतल्या बाजूला वळलेले लांब काटे असतात, एकदा गिळलेली बुळबुळीत जेलीफिश परत बाहेर येत नाही. आणि आपल्या कोकणात, गुजरातेत, ओडिशात घरटी करणारं ऑलिव्ह रिडले हे या सगळ्यांत कमी चोखंदळ. खेकडे, कोळंबी, गोगलगायी, जेलीफिश, मिळेल ते खातं. म्हणूनच ते कुठे जेवत असेल हे सांगणंही सगळ्यात कठीण.

घरट्यांच्या बाबतीत आपल्याकडे फार मोलाचं काम झालं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात अंडी राखायला सुरुवात केली. जी अंडी आधी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्या पोटात जात होती, त्यांतून पिल्लं समुद्रात जाऊ लागली. पुढे वनखातं आलं, आंजर्ले, गुहागर अशी गावं जोडली गेली. गुजरातेतही द्वारकेच्या खाली ओखामढीला वनखात्याचं असंच केंद्र आहे. या कामाबद्दल मला आदर आहे. पण मादी वाळूवर येते ती तासाभरासाठी. तिचं बाकीचं सगळं आयुष्य पाण्यात जातं, आणि नर तर पिल्लूपणी पाण्यात शिरला की बहुधा पुन्हा जमिनीवर पाऊलच टाकत नाही. म्हणजे जिथे ती घटकाभर येते ती जागा आपण जिवापाड राखली, आणि जिथे ती वर्षानुवर्षं राहते ती जागा आपल्याला नीट ठाऊकही नाही.

संतांच्या अभंगांत कासवी येते, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पिल्लं एका तीरावर, आई दुसऱ्या तीरावर, आणि ती नुसत्या दृष्टीने त्यांना पोसते. समुद्री कासवाची आई पिल्लांना कधी पाहतच नाही. पण ती त्यांना पोसते हे मात्र खरं आहे. विणीच्या दिवसांत मादी फारसं खात नाही. महिनोन्‌महिने आधी, शेकडो किंवा हजारो किलोमीटर दूर जे खाल्लं, त्याची चरबी अंगावर घेऊन ती येते आणि त्यातूनच अंडी घडतात. वेळासच्या वाळूत पुरलेल्या अंड्याचा बलक दुसऱ्याच कुठल्यातरी समुद्रातल्या खेकड्यांचा बनलेला असतो. ऑस्ट्रेलियात कॉलिन लिम्पस यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की हिरव्या कासवांची घरटी एखाद्या वर्षी खूप आणि एखाद्या वर्षी अगदी थोडी का होतात, याचा धागा साधारण दोन वर्षांपूर्वीच्या एल निनोशी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याशी, जुळतो. ताटात काय पडलं होतं, त्यावर किनाऱ्यावरची गर्दी ठरते. किनारा कितीही चोख राखला तरी मादीच उपाशी असेल तर घरटं होणार नाही.

मग ती जेवायला जाते कुठे, हे शोधायचं कसं? आपल्या विश्वामित्रीतली मगर काठावर ऊन खात पडते. पुलावरून जाताना ती तुम्हाला दिसते, मोजता येते. समुद्री कासव श्वास घ्यायला वर येतं, तेवढंच. तेही काही सेकंद.

पहिला मार्ग होता बिल्ल्याचा. आर्ची कार या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५५ साली कोस्टारिकाच्या टॉर्टुगेरो किनाऱ्यावर मादी कासवांना धातूचे बिल्ले लावायला सुरुवात केली. आधी कवचाच्या मागच्या कडेला भोक पाडून तारेने बिल्ला बांधला. समागमाच्या वेळी नराच्या घासण्याने ते बिल्ले निघून गेले. मग गाईगुरांच्या कानाला मारतात तो बिल्ला पुढच्या पायाच्या कडेला मारायचं ठरलं आणि तो टिकला. त्यावर नंबर, परतीचा पत्ता आणि पाठवणाऱ्याला बक्षीस. मग पत्रं यायला लागली, कोळ्यांची, खलाशांची, कासव कापणाऱ्यांची. दक्षिण अटलांटिकच्या मधोमध असेन्शन नावाचं एक एवढंसं बेट आहे. तिथे बिल्ला लावलेली हिरवी कासवं दोन हजार किलोमीटरहून लांब, ब्राझीलच्या किनाऱ्याला गवत खाताना सापडली. जेवायला ब्राझील, अंडी घालायला असेन्शन. हे जगाला कळलं ते पत्र्याच्या एका तुकड्यामुळे आणि पत्र टाकण्याची तसदी घेणाऱ्या माणसांमुळे.

पण बिल्ला फक्त दोनच गोष्टी सांगतो, कुठे लावला आणि कुठे सापडला. मधला रस्ता कोराच राहतो.

इथे सतीश भास्कर यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. भारतातल्या समुद्री कासवांच्या अभ्यासाचा पाया या माणसाने पायी चालून घातला, आपल्या गुजरातचा किनाराही त्यात आला. १९८२ साली ते लक्षद्वीपमधल्या सुहेली या निर्जन बेटावर पावसाळाभर एकटे राहिले. हिरवी कासवं तिथे पावसाळ्यात घरटी करतात आणि पावसाळ्यात त्या बेटाकडे होडी फिरकत नाही, म्हणून राहायचं तर पूर्ण हंगाम. जुलैमध्ये त्यांनी पत्नीला पत्र लिहून बाटलीत घातलं आणि बाटली समुद्रात सोडली. २४ दिवसांनी ती श्रीलंकेत एका कोळ्याला सापडली आणि त्याने ते पत्र पोस्टाने पुढे पाठवलं. मला या गोष्टीत शास्त्रही दिसतं. वाळूतून निघालेलं पिल्लू पोहत पोहत प्रवाहापर्यंत जातं आणि मग बरीच वर्षं त्या प्रवाहाच्या हवाली असतं. पावसाळ्यातला प्रवाह लक्षद्वीपकडून कुठे नेतो, ते त्या बाटलीने सांगितलं.

आता उपग्रहाकडे येते. कासवाच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवतात ते काम सावकाश आणि निगुतीने करायचं असतं. मादी अंडी घालून समुद्राकडे वळली की तिला लाकडी चौकटीत थोपवतात, डोळ्यांवर ओला कपडा टाकतात. पाठीचा पुढचा उंचवटा हेरतात, कारण श्वास घेताना पाण्याबाहेर पहिल्यांदा तोच येतो. तिथे चिकटलेले खडपे, म्हणजे कवचाचे बारीक समुद्री जीव, खरवडायचे, शेवाळ घासून काढायचं, पॉलिशपेपर मारायचा, स्पिरिटने पुसायचं आणि मग इपॉक्सीचा थर देऊन यंत्र बसवायचं. इपॉक्सी सुकताना तापतं, म्हणून थर पातळ ठेवावा लागतो. कडा गुळगुळीत उतरत्या करायच्या, नाहीतर पाण्याचा विरोध वाढतो आणि तिला प्रत्येक हाताला जास्त जोर लावावा लागतो. वरून खडपे न धरणारा रंग. हे सगळं करताना तिचे उसासे ऐकू येतात. कासव मोठा, ओला श्वास टाकतं, आणि चौकटीपाशी बसलेल्या माणसाच्या हातावर त्याची ऊब लागते.

यंत्रावर खाऱ्या पाण्याची जाणीव असलेला एक स्विच असतो. पाण्याखाली यंत्र गप्प राहतं, पाठ हवेत आली की बोलतं. ते ऐकणारे उपग्रह शेकडो किलोमीटर उंचीवरून ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरतात. फ्रान्स आणि अमेरिकेने मिळून १९७८ साली उभारलेली आर्गोस नावाची ही यंत्रणा. जागा काढण्याची युक्ती तुमच्या रोजच्या अनुभवातली आहे. स्टेशनात न थांबणारी गाडी शिट्टी मारत येते तेव्हा शिट्टी बारीक वाटते, आपल्याला ओलांडून गेली की एकदम जाडी होते. उपग्रह कासवाकडे येत असताना आणि लांब जात असताना त्याला यंत्राच्या लहरी अशाच चढ्या आणि उतरत्या ऐकू येतात, आणि त्या फरकावरून जागा मोजता येते. उपग्रह डोक्यावर असतो फार तर दहा-पंधरा मिनिटं. चांगली जागा मिळायला तेवढ्या वेळात निदान चार संदेश पोचावे लागतात. कासव नेमकं तेव्हा वर आलं पाहिजे. म्हणून काही नोंदी शेकडो मीटरांपर्यंत अचूक येतात आणि काही कित्येक किलोमीटर चुकलेल्या. आपल्या इस्रोने फ्रान्सच्या सहकार्याने २०१३ साली सोडलेल्या ‘सरल’ उपग्रहावर आर्गोसचा असाच एक कान बसवलेला होता, आणि २०२२ सालच्या ओशनसॅट-३ वरही त्याची पुढची आवृत्ती आहे. कासवांचं ऐकणाऱ्यांत आता आपणही आहोत, याचा मला अभिमान वाटतो.

कोकणातल्या कासवांना असे ट्रान्समीटर पहिल्यांदा लागले ते २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्र वनखात्याचं कांदळवन प्रतिष्ठान यांनी मिळून ते काम केलं. वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरलाच बागेश्री आणि गुहा. तोवर आपल्याकडे ढोबळ समजूत अशी होती की पश्चिम किनाऱ्याची रिडले पश्चिमेला आणि पूर्वेची पूर्वेला. बागेश्री गुहागरहून निघाली, कर्नाटक, केरळ करत कन्याकुमारीच्या खाली उतरली, श्रीलंकेला वळसा घालून काही महिन्यांत बंगालच्या उपसागरात शिरली. प्रथमा उत्तरेला, आपल्या गुजरातच्या दिशेने आली. एकाच जातीच्या, एकाच जिल्ह्यात अंडी घातलेल्या माद्या, आणि दिशा वेगवेगळ्या.

मग २०२५ साल उजाडलं आणि जुन्या बिल्ल्याने पुन्हा एकदा आपली किंमत दाखवली. २७ जानेवारीला गुहागरच्या वाळूवर एक रिडले मादी अंडी घालताना दिसली, तिच्या पायाला बिल्ला होता, नंबर ०३२३३. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशात तो लावला होता. म्हणजे हीच मादी एकदा बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर आली होती आणि आता अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर घरटं करत होती. बागेश्री एका बाजूने गेली, ०३२३३ दुसऱ्या बाजूने आली. दोन्ही समुद्र रिडलेच्या लेखी एकच घर आहे.

या नकाशावरची रेघ वाचायची कशी, ते सांगते, कारण अन्नाची गोष्ट तिथेच लपलेली असते. विणीनंतर मादी निघते तेव्हा रेघ बऱ्यापैकी सरळ जाते, रोजचं अंतर मोठं असतं. एका ठिकाणी वेग अचानक उतरतो आणि रेघ स्वतःभोवती वळायला लागते. चार-सहा आठवडे ठिपके एकमेकांवर पडत राहतात. तिथे ती जेवते आहे, असं धरून आपण पुढे जातो. मग त्याच तारखांचं पाण्याचं तापमान, पाण्याचा हिरवेपणा (म्हणजे त्यात सूक्ष्म वनस्पती किती आहेत ते), समुद्राच्या पातळीचे चढउतार हे सगळं त्या ठिपक्यांखाली अंथरायचं. कुठे गार आणि कोमट पाण्याची सीमारेषा निघते, कुठे भोवरा निघतो, कुठे खंडाच्या उताराची कडा. लिटल अंदमानहून ट्रान्समीटर लावून सोडलेल्या लेदरबॅकपैकी काही पार ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला गेल्या आणि एक मादी नऊ महिन्यांच्या आत तेरा हजार किलोमीटरहून जास्त पोहून मोझांबिकच्या बाजूला पोचली. जेलीफिशसाठी. जेलीफिश म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, पोट भरायला किती लागत असेल याचा अंदाज करा.

रेघ जागा सांगते, ताटातलं सांगत नाही. त्यासाठी पाण्याची मऊ नळी घशात घालून थोडं अन्न धुऊन बाहेर काढतात. कासवाला इजा होत नाही, पण हात सवयीचा हवा. त्याहून सोपा मार्ग रसायनांचा आहे. कातडीचा किंवा कवचाचा लहानसा तुकडा, नाहीतर न उबलेल्या अंड्याचा बलक घेतला की त्यातल्या नायट्रोजन आणि कार्बनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण मोजता येतं. शिकार खाणाऱ्याच्या अंगात जड नायट्रोजन जास्त साठतो, गवत खाणाऱ्याच्या कमी. कार्बनवरून किनाऱ्यालगत खाल्लं की भर समुद्रात, ते कळतं. ट्रान्समीटर महाग असतो आणि बहुधा वर्षभरात बंद पडतो. बलक कुठल्याही घरट्यावर मिळतो. माझं आग्रहाचं मत आहे की ट्रान्समीटर थोडे लावावेत, पण नमुने प्रत्येक किनाऱ्यावर घ्यावेत, कोकणात आणि आपल्या सौराष्ट्रातही.

कासवाला ती जागा पुन्हा सापडते कशी, याचं एक सुंदर उत्तर २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले केनेथ लोमन आणि त्यांचे सहकारी कित्येक दशकं कासवांच्या चुंबकीय जाणिवेवर काम करत आहेत. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र प्रत्येक जागी थोडं वेगळं असतं. त्यांनी लॉगरहेडची लहान पिल्लं टाकीत ठेवली आणि टाकीभोवतीच्या तारांच्या वेटोळ्यांतून वीज सोडून समुद्रातल्या दोन वेगवेगळ्या जागांचं चुंबकीय क्षेत्र आळीपाळीने तयार केलं. दोन्हीत वेळ सारखाच, पण खाणं एकाच क्षेत्रात मिळायचं. काही आठवड्यांनी पिल्लं त्या क्षेत्रात, अन्न नसतानाही, नाचायला लागली. अंग तिरपं करून डोकं पाण्याबाहेर काढायचं, तोंड उघडायचं, पुढचे पाय भराभर मारायचे आणि मधूनच स्वतःभोवती गिरकी. दुसऱ्या क्षेत्रात तसं नाही. मधे चार महिने गेले तरी त्यांना ते आठवत होतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग दर वर्षी सांगते, कारण त्यातून एक गोष्ट पक्की होते. कासव योगायोगाने एखाद्या खाडीत येत नाही. तिथे जेवण मिळतं हे ते शिकलेलं असतं आणि जागा लक्षात ठेवून परत येतं. ती खाडी बुजवली तर त्याने शिकलेलं सगळं वाया जातं.

आता एक अवघड उदाहरण घेते, कारण कासव आणि अन्न यांचं नातं नेहमी गोडच असतं असं नाही. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाच्या खाजणात समुद्री गवताची कुरणं होती. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे हिरव्या कासवांची गर्दी खूप वाढली. हिरवं कासव सहसा गवत उपटत नाही. पातं बुडाजवळ कुरतडतं, कोवळं खालचं खातं आणि वरचा जुना, राठ भाग सोडून देतं. तो तरंगत जातो. पुन्हा कोवळं फुटलं की तीच जागा पुन्हा चरतं. थोडी कासवं असतील तर कुरण टिकतं. गर्दी झाली की पात्याला सावरायला वेळच मिळत नाही. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं ते कुरण मोजलं. गवताची उंची घटत गेली, कुरणात वाढणारे मासे कमी झाले, आणि अगत्तीचे कोळी कासवांवर रागावले. त्यांचा राग खोटा नव्हता. पुढे अगत्तीचं कुरण संपल्यावर कासवं दुसऱ्या बेटाच्या खाजणात गेली आणि तिथेही हेच घडलं, मग तिसरीकडे.

काही जण यावरून म्हणतात, बघा, राखून राखून कासवं फार झाली. मला हा निष्कर्ष उतावळेपणाचा वाटतो. एकेकाळी हिरव्या कासवाला खाणारे मोठे शार्क भरपूर होते, त्यांच्या भीतीने कासवं एका जागी ठाण मांडत नसत. शार्क माणसाने कमी केले. आणि एकूण समुद्रात कुरणंच थोडी उरली असतील तर उरलेल्या कुरणात गर्दी होणारच. जागतिक पातळीवर हिरव्या कासवाची स्थिती सुधारली, निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना असलेल्या आययूसीएनने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला धोक्याच्या यादीतून बाहेरही काढलं. ही अनेक देशांतल्या माणसांनी किनारे राखल्याची कमाई आहे. पण वाढलेल्या कासवांना खायला लागणार आहे, आणि त्याची तजवीज आपण केलेली नाही.

म्हणून मी कच्छच्या आखाताकडे येते. जामनगरपासून ओख्यापर्यंतच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रवाळ आहेत, शेवाळाने भरलेले खडक आहेत आणि हॅलोफिला, हॅलोड्यूल यांसारख्या समुद्री गवताची ठिगळं आहेत. १९८२ साली तिथे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. ओहोटीला नराऱ्याच्या खडकांवर चालत जा. हॅलोफिलाची नखाएवढी अंडाकृती पानं गाळात आडवी पसरलेली दिसतील, पाय जपून टाकावा लागतो. या हिरवळीवर हिरवं कासव जगतं आणि तीच हिरवळ समुद्री गाईलाही लागते. त्याच आखातात मोठी बंदरं आहेत, तेलाच्या नळ्या आहेत, मीठ आणि रसायनांचे कारखाने आहेत. गाळ उपसला की पाणी गढूळ होतं, गढूळ पाण्यात ऊन पोचत नाही, ऊन नाही तर गवत नाही. किनाऱ्यावर एकही अंडं फुटलेलं दिसणार नाही, आणि तरीही कासवाचं घर मोडलेलं असेल.

रिडलेची अडचण आणखी वेगळी आहे. ते जिथे जेवतं तिथे आपण कोळंबी पकडतो. ट्रॉलरचं जाळं तळाशी दोन-तीन तास ओढलं जातं, आत अडकलेल्या कासवाला हवा मिळत नाही. जाळ्यात तिरप्या सळयांची एक जाळी आणि वर सुटकेचं दार बसवलं तर कोळंबी मागे जाते आणि कासव बाहेर निघतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना बसेल अशी रचना केली आहे. तरी ती फारशी वापरली जात नाही, दारातून थोडी मासळीही जाते म्हणून. अमेरिकेने याच कारणावरून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. वेरावळचा ट्रॉलरवाला त्याचं नुकसान सोसतो आहे, आणि त्याला कुणी नीट बसून हे समजावलेलं नाही.

माझी सूचना अशी. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहाने मोजलेल्या तापमानावरून आणि पाण्याच्या हिरवेपणावरून मासे कुठे मिळतील याची सूचना कोळ्यांना देते, गुजराती आणि मराठीतही. ट्रान्समीटरची रेघ जिथे वळायला लागते, ती जागा आपण याच दोन मोजमापांशी ताडून बघतो. म्हणजे मासे आणि कासवं शोधण्याची सामग्री एकच आहे. हवाईमध्ये अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामान संस्थेने २००६ सालापासून असा नकाशा काढला, त्यात लॉगरहेड ज्या तापमानाच्या पट्ट्यात जेवतात तो पट्टा दाखवून बोटींना सांगितलं की इथे गळ टाकू नका. बंदी नाही, फक्त माहिती. आपल्याकडे मासळीच्या सूचनेतच कासवांचा पट्टा दाखवता येईल. तांडेलाला कासव नको असतं. ते जाळं फाडतं, वेळ खातं. त्याच्या हातात वेळेवर माहिती आली तर तो स्वतःहून बाजूने जाईल, असा माझा किनाऱ्यावरच्या लोकांशी बोलून झालेला विश्वास आहे. त्यासाठी आधी अरबी समुद्रातली पुरेशी कासवं, आणि केवळ घरटं करणाऱ्या माद्या नव्हे तर जाळ्यात सापडलेले नर आणि अर्धवट वाढलेली कासवंही, ट्रान्समीटर लावून सोडावी लागतील. डहाणूच्या कासव उपचार केंद्रात बऱ्या होणाऱ्या कासवांपासून ही सुरुवात करता येण्याजोगी आहे.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन.)

ट्रान्समीटरचा कासवाला त्रास होतो का?

थोडा होतो, नाही म्हणणार नाही. वजन आणि पाण्याचा विरोध दोन्ही वाढतात. म्हणून यंत्र कासवाच्या वजनाच्या मानाने अगदी हलकं असावं लागतं. कवचाचा वरचा थर झिजतो तसं इपॉक्सी सुटतं आणि यंत्र आपोआप गळून पडतं. लेदरबॅकची पाठ कातडीची असते, तिच्यावर चिकटवता येत नाही, वेगळ्या पद्धतीने बांधावं लागतं, आणि तिथे जास्त जपावं लागतं. त्रास द्यायचाच असेल तर त्यातून मिळालेली माहिती कपाटात पडून राहू नये, एवढी जबाबदारी आमच्यावर येते.

आमचे नातेवाईक द्वारका-ओख्याकडे आहेत. त्यांना कासव दिसलं तर त्यांनी काय करावं?

जिवंत कासवाच्या पायाला बिल्ला दिसला तर तो काढू नये. बिल्ल्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, नंबर कागदावर उतरवावा. तारीख, जागा आणि जमलं तर फोनवरचं अक्षांश-रेखांश लिहावं. कासव आकाराने मोठं की लहान, शेपूट कवचाच्या बाहेर लांब आलेली आहे का तेही बघावं, कारण पूर्ण वाढलेल्या नराची शेपूट लांब असते आणि नरांच्या नोंदी फार थोड्या आहेत. मग हे सगळं जवळच्या वनखात्याच्या कचेरीत द्यावं. मेलेलं कासव किनाऱ्याला लागलं असेल तर त्याला हात न लावता कळवावं. पोटात काय सापडतं ते बघता येतं, आणि कच्छच्या आखातातली कासवं काय खातात याची ती एक नोंद होते.